संगीत नाटकाचा पोशाख : विचार आणि कृती

पडदा वर गेल्यावर गायकाचा पहिला सूर प्रेक्षकांच्या कानी पडण्याच्या आधी त्याचा पोशाख त्यांच्या डोळ्यांना दिसतो. समोर उभा असलेला पुरुष राजा आहे की याचक, उत्सवास निघाला आहे की प्रवासातून थकून परतला आहे, हे तो पोशाख एक शब्दही न उच्चारता सांगून टाकतो. नाटककाराने न लिहिलेले ते एक भाषणच होय. ते भाषण खरे असावे, एवढीच पोशाखाची कसोटी; त्याच्या किमतीचा या कसोटीशी संबंध नाही.

हे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, संमेलनात संगीत नाटक बसविण्याचा बेत ठरला म्हणजे पुष्कळ पालकांच्या मनात प्रथम खर्चाची चिंता उभी राहते, आणि गोड गळ्याचा एखादा विद्यार्थी त्या धास्तीनेच आपले नाव देत नाही. ही हानी टाळता येण्याजोगी आहे. ती कशी टाळावी, हे एका प्रसिद्ध नाटकाच्या आधाराने पाहू.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आले. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले. परंतु बलरामाने तिचा विवाह दुर्योधनाशी योजिलेला. शेवटी अर्जुन संन्याशाचा वेष धारण करतो आणि श्रीकृष्णाच्या चातुर्याने हेतू सिद्धीस जातो. येथे वेष हाच कथानकाचा कणा आहे, म्हणून पोशाखाच्या अभ्यासास हे नाटक फार सोयीचे.

पहिले काम कात्रीचे नसून लेखणीचे आहे. नाटक दोनदा वाचावे आणि मोठ्या कागदावर तक्ता आखावा. डाव्या बाजूस पात्रांची नावे व वरच्या बाजूस प्रवेश लिहावेत. प्रत्येक चौकोनात ते पात्र कोठून आले, त्याची मनःस्थिती काय, आणि पुढच्या प्रवेशापूर्वी त्यास कपडे बदलण्यास किती अवधी आहे, एवढे टिपावे. असा तक्ता झाला की खरोखर किती कपडे लागतात ते कळते, आणि बहुधा ते कल्पनेपेक्षा थोडेच निघतात.

दुसरे काम रंगांची निवड. परंपरेने श्रीकृष्ण पीतांबरधारी व बलराम नीलांबरधारी. त्यामुळे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकही दोघा बंधूंना तत्काळ ओळखतो. परंतु रंगभूमीवरील पिवळसर प्रकाशात पिवळे वस्त्र फिके पडते व गडद निळे वस्त्र काळवंडते. म्हणून पीतांबराचा रंग थोडा गडद व नीलांबराचा थोडा उजळ घ्यावा. संन्यासी झालेल्या अर्जुनाची भगवी छाटी पीतांबराच्या फार जवळ जाऊ नये, यास्तव ती कावेत रंगवून तांबूस करावी. कृष्णाचे वस्त्र तकतकीत असावे, अर्जुनाचे निस्तेज सुती. शिवाय अर्जुन प्रेक्षकांस ओळखू यावा, पण सुभद्रेस ओळखू येऊ नये, असा येथे पेच आहे. पूर्वीच्या वेषातील एखादी लहानशी खूण, जसे दंडावरील एखादे कडे, छाटीखाली अर्धवट दिसत राहिले की तो पेच सुटतो.

तिसरे काम मापाचे, आणि येथे संगीत नाटक गद्य नाटकाहून वेगळे पडते. गाणाऱ्याची छाती दोनदा मोजावी : एकदा सहज श्वासात, एकदा पूर्ण श्वास भरून. पोशाख दुसऱ्या मापाने बेतावा. नाहीतर लांब तान घेताना हुक तुटेल किंवा तान तुटेल. गळपट्टी व कमरपट्टा आवळ नसावा. मुकुट वा फेटा कानांवर येऊ देऊ नये. कान झाकले गेले की पेटीचा सूर नीट ऐकू येत नाही आणि गायक बेसूर होतो. वाजणारी काकणे व पैंजण हळुवार पदाच्या वेळी घालू नयेत.

चौथे काम प्रत्यक्ष शिवण्याचे. जुने धोतर, विटलेले लुगडे, वापरातून गेलेली चादर किंवा साधे मांजरपाट यांतून बहुतेक वस्त्रे निघतात. प्रथम कच्चा टाका घालून कपडा अंगावर बघावा, मगच पक्की शिवण घालावी. शिवणीत दोन्ही बाजूंस इंचभर कापड दुमडून ठेवावे, म्हणजे पुढील वर्षी तोच अंगरखा मोठ्या मुलास सैल करून देता येतो. झटपट बदलावयाच्या कपड्यांस नाड्यांऐवजी टिचबटणे लावावीत. मुकुटास पुठ्ठा, खळ व बेगड पुरे होते. हळदीने रंगविलेले कापड साबणाने धुऊ नये. ते तांबडे होते. शेवटी सर्व पोशाख घालून, दिवे लावून, पदे म्हणत एक पूर्ण तालीम घ्यावी, आणि एका जाणकाराने शेवटच्या रांगेत बसून पाहावे.

जुनेर कपडा नेहमी उणाच असतो असेही नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या १९१९ सालच्या 'एकच प्याला' या नाटकात सुधाकराच्या व्यसनाने सिंधूचा संसार उद्ध्वस्त होतो. तेथे तिच्या अंगावरील वस्त्र अंकागणिक जीर्ण होत गेले पाहिजे. नवे कापड जुने भासविण्याकरिता ते सोड्याच्या पाण्यात उकळावे, दगडावर घासावे, आणि ठिगळ लावावे. ज्या घरी जुने लुगडे जपून ठेविले आहे, त्या घरास हे श्रम पडत नाहीत. नाटकास हवे असलेले सत्य तेथे आधीच तयार आहे.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी सिंधूची हीच भूमिका गाजविली. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे शालू, पैठण्या व दागिने महाराष्ट्रभर नावाजले गेले. मंडळीच्या कर्जाची कथाही तितकीच सर्वश्रुत आहे. त्या वैभवाचे कौतुक करावे, परंतु शाळेने त्याचे अनुकरण करू नये. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला की त्यात मूल हरवून जाते. खाडिलकरांच्या १९११ सालच्या 'मानापमान' नाटकातील धनाढ्याची कन्या भामिनी गरीब वनमालेचा वेष घेते, तेव्हाच तिला धैर्यधराची खरी योग्यता उमजते, हे विसरू नये.

पालकांस आमची विनंती एवढीच की, पाल्याच्या पोशाखाकरिता नवे काही विकत घेण्यापूर्वी घरातील जुनी पेटी उघडून पाहावी, आणि शिवण येणाऱ्या माता-भगिनींनी दोन दुपारी शाळेस द्याव्यात. विद्यार्थ्यांस सांगणे असे की, सुई हाती धरण्यात मुलगा-मुलगी हा भेद मानू नये. जो आपला अंगरखा स्वतः शिवतो, तो त्यात अधिक निर्भयपणे उभा राहतो, आणि निर्भयपणे उभा राहणाऱ्याचा सूरही मोकळा लागतो. ज्याचा गळा चांगला, त्याने नाव द्यावे; वस्त्राची काळजी सर्वांनी मिळून वाहावी.