मोबाईलमधील सल्लागार व शेतकऱ्याची विचार करण्याची रीत

मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव. भीमा व सीना या नद्यांमधील हा मुलूख रब्बी ज्वारीचा. पेरणीपूर्वी बियाण्यास गंधक चोळण्याची गोष्ट येथे निघाली, की दोन प्रकारचे शेतकरी आढळतात. एक विचारतो, "गंधकाने काय होते?" दुसरा विचारतो, "कोणी चोळून पाहिले आहे काय?" यांपैकी कोणासही अडाणी समजू नये. कारणांच्या खोलात जाण्याची गोडी कोणास किती, हे मोजणारी प्रश्नावली कॅसिओपो व पेटी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1982 साली प्रसिद्ध केली. ही गोडी ज्यांस कमी, ते बहुधा सांगणारा कोण हे पाहून मत ठरवितात.

ही पारख पूर्वी ग्रामसेवकास करावी लागे. आता राज्याच्या कृषि विभागाचे, 2025 साली सुरू झालेले 'महाविस्तार' ॲप शेतकऱ्याच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देते. पहिल्या शेतकऱ्यास असा सल्लागार मानवतो. काणी रोगाचे बीजाणू बियाण्यास बाहेरून चिकटलेले असतात, म्हणून दर किलो बियाण्यास 300 मेशचे गंधक 4 ग्रॅम चोळावयाचे, हे कारण कळताच तो कामास लागतो. त्याने दहा उलट प्रश्न केले तरी यंत्र कंटाळत नाही! दुसऱ्यास हेच उत्तर कोरडे वाटते. त्याच्यासाठी ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात गंधक चोळलेल्या व न चोळलेल्या बियाण्याचे दोन पट्टे शेजारी शेजारी पेरावेत आणि दाणे भरल्यावर दोन्हींतील काणीची कणसे त्यालाच मोजू द्यावीत. हे काम यंत्राच्या हातचे नाही.

मात्र यंत्र न अडखळता, आर्जवाने बोलते, हे ध्यानात असावे. "सरकारी ॲपने सांगितले" एवढ्यावर दुसरा शेतकरी कधी कधी मान डोलावतो. कारणे पाहणाराही फसू शकतो, आणि त्याची चूक उशिरा उमगते. कारण पटलेली गोष्ट तो पुन्हा तपासत नाही. समजा, जमिनीची खोली न सांगता त्याने वाण विचारला व यंत्राने फुले वसुधा सुचविली. दिलेली कारणे बिनचूक असतील. परंतु हा वाण भारी जमिनीचा, आणि शेत जर हातभर खोदताच मुरूम लागणारे असेल, तर तेथे फुले अनुराधासारखा हलक्या जमिनीचा वाण हवा.

यास्तव कार्यकर्त्याने प्रथम शेतात पहारीने खड्डा घेऊन मातीची खोली शेतकऱ्याकडूनच मोजवून घ्यावी. मग मोबाईल त्याच्याच हाती देऊन, खोली, कोरडवाहू की बागायत व पेरणीची तारीख ही तिन्ही सांगून प्रश्न विचारावयास लावावा.