शेगडीचा श्वास

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला मक्याची कणसे भाजणारा तुम्ही पाहिला असेलच. पुढच्या वेळी त्याच्या हातांकडे दोन मिनिटे लक्ष द्या. शेगडी मंदावली की तो लगेच नवे कोळसे घालत नाही. आधी लोखंडी सळई जाळीत खुपसून हलवतो. खाली भुरभुर राख पडते. मग शेगडीच्या तोंडाशी पुठ्ठ्याने वारा घालतो, आणि काळवंडलेले निखारे पुन्हा लाल होतात. कोळसे तेच, तेवढेच. मग विस्तव वाढला कशाने?

कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळायला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला आहात. त्या हिशेबाने १ किलोग्रॅम कार्बनला सुमारे २.६७ किलोग्रॅम ऑक्सिजन हवा. हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो. म्हणजे हवा लागली साधारण साडेअकरा किलोग्रॅम. १ घनमीटर हवेचे वजन १.२ किलोग्रॅम धरून भागाकार करा. उत्तर साडेनऊ घनमीटरच्या आसपास येईल. २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशा लहानशा खोलीत जेवढी हवा मावते, जवळजवळ तेवढी! किलोभर कार्बन जळण्यासाठी हे सारे शेगडीच्या जाळीतून जावे लागते. हवा दिसत नाही, म्हणून तिचा हिशेब आपण ठेवत नाही, इतकेच.

ही हवा आत ओढतो कोण? पुठ्ठा घडीभर मदत करतो. एरवी हे काम गरम हवाच करते. शिक्षकांना बरोबर घेऊन एक प्रयोग करा. पेटत्या मेणबत्तीवर दोन्ही बाजूंनी उघडी अशी दिव्याची उंच काच ठेवा, पण काचेखाली दोन पेन्सिली आडव्या घाला. खालच्या फटीशी उदबत्ती धरली की तिचा धूर आत ओढला जाताना दिसेल. आता पेन्सिली काढून काच टेबलावर टेकवा. वरचे तोंड उघडेच आहे, तरीही ज्योत मंदावते आणि बहुधा विझते. गरम हवा वर जाते खरी, पण तिच्या जागी खालून नवी हवा यायला वाट हवी.

हेच तत्त्व काटेकोरपणे वापरले आहे ते ‘कामादो’ नावाच्या भट्टीत. कामादो हा जपानी शब्द; त्याचा अर्थ चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांना तिथली भात शिजवायची झाकणाची मातीची भट्टी आवडली आणि ती त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेली. साधी माती तडकत असे. पुढे जाड सिरॅमिकच्या भट्ट्या निघाल्या. आकार एखाद्या मोठ्या अंड्यासारखा. तळाशी सरकते दार, त्यावर भोकांची जाळी, जाळीवर कोळसे, आणि वरच्या झाकणाला लहानसे धुराडे.

या धुराड्याची ओढ किती असेल? बाहेरची हवा २०° सें. आणि आतली ३००° सें. धरा. केल्व्हिनमध्ये २९३ आणि ५७३. म्हणजे आतल्या हवेची घनता बाहेरच्या हवेच्या जवळजवळ निम्मी. अर्धा मीटर उंचीच्या भट्टीत या फरकामुळे सुमारे ३ पास्कल इतकाच दाब तयार होतो. पाण्याच्या स्तंभात सांगायचे तर १ मिलिमीटरचा तिसरा हिस्सा! तुम्ही नळीने सरबत पिता तेव्हा याच्या शेकडो पट ओढ लावता. असल्या दुबळ्या ओढीपुढे जाळीची थोडी भोके बुजली तरी मोठा अडसर होतो.

आणि ती बुजवते राख. झाडाने जमिनीतून घेतलेली कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम अशी खनिजे शेवटी राखेत उरतात. त्यांत जळण्यासारखे काही नसते. चांगल्या लाकडी कोळशात राख वजनाने शेकडा २ ते ५ भाग असते. कोळशाची भुकटी दाबून केलेल्या गोळ्यांत ती बरीच अधिक निघते. वजनाला थोडी, पण फुगीर. ती निखाऱ्याच्या अंगावर बसते, जाळीत अडकते आणि खाली ढीग होऊन दाराशीच हवा अडवते. म्हणून कामादो वापरणारे नवा विस्तव करण्यापूर्वी, भट्टी पूर्ण थंड असताना, जुने कोळसे ढवळून राख खाली पाडतात व दारातून ओढून काढतात. मोठे कोळसे तळाशी आणि चुरा वर ठेवतात, म्हणजे भोके मोकळी राहतात.

सिरॅमिकच्या जाड भिंतीतून उष्णता फारशी बाहेर जात नाही. त्यामुळे थोडा विस्तव पुरतो, आणि थोड्या विस्तवाला थोडी हवा. दार बोटभर उघडे की दोन बोटे, एवढ्यावर आतले तापमान ठरते. वरखाली दोन्ही वाटा बंद केल्या की विस्तव गुदमरून विझतो आणि उरलेले कोळसे दुसऱ्या दिवशी कामी येतात. आपल्या उघड्या शेगडीला ही काटकसर साधत नाही. मात्र गुदमरलेल्या भट्टीचे झाकण एकदम उघडू नये. आत साठलेले अर्धवट जळालेले वायू ताजी हवा मिळताच भडकतात. आधी किंचित उचलून थांबावे.

आपल्या आज्या-पणज्यांनी राखेचा हा अडसर उपयोगातही आणला होता. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे राख बाजूला करून फुंकणीने फुंकायचे, की काडी न ओढता चूल पेटे. राखेतून ऑक्सिजन जेमतेम झिरपतो आणि उष्णताही सहज बाहेर जात नाही. निखारा रात्रभर उपाशीपोटी जिवंत राहतो.

पण या उपाशी निखाऱ्याची एक भयंकर बाजू आहे. शेगडीच्या तळाशी कार्बन डायॉक्साइड तयार होतो. तो वरच्या तप्त कोळशांतून जाताना आणखी कार्बन घेऊन कार्बन मोनॉक्साइड बनतो. शेगडीवर नाचणारी निळी ज्योत म्हणजे हाच वायू जळताना दिसतो. वर राख साचली, विस्तव मंदावला की ती ज्योत नाहीशी होते. वायू मात्र तयार होतच राहतो, आणि न जळता खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. धूर नाही म्हणून निर्धास्त होऊन दारे-खिडक्या लावून शेगडीशेजारी झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात. शेगडी असो की कामादो, तिची जागा उघड्यावरच. डोके जड झाले, मळमळू लागले तर कारण शोधत बसू नका. आधी मोकळ्या हवेत या आणि इतरांनाही बाहेर काढा.

काढलेली राखसुद्धा लगेच प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कागदात घालू नका. झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवून पूर्ण निवू द्या. लहानपणी मी संध्याकाळची ‘थंड’ राख परसातल्या पाल्यावर ओतली होती. सकाळी पाहिले, तर पाल्यातून धूर निघत होता.