बिनतारी संच बंद पडण्यापूर्वी



गव्हाणीवर ऊस कमी पडला की शेतकी ऑफिसातून गटाला बिनतारी संचावर हाक जाते. मिल थांबली की 'तोड थांबवा' हा निरोपही त्यावरूनच येतो. आता खिशाखिशात मोबाईल आहे, तरी रेंज नसलेल्या शिवारात, आणि एका बोलण्यात सगळ्या गटांना ऐकू जावे म्हणून, हे संच आपण ठेवले आहेत. निरोप चुकला तर तोडलेला ऊस फडातच पडून राहतो. तो शक्यतो 24 तासांत गाळला जावा. पुढे वजन घटते, उताराही घसरतो. म्हणजे तोटा तुमच्याआमच्या सर्वांचाच.

मागे आमच्या एका गटात येणारे बोलणे खणखणीत ऐकू येई, पण आमचे बोलणे कारखान्याला पोचेना. संच बिघडला म्हणून दुरुस्तीला धाडला, तर तो ठणठणीत निघाला! दोष बॅटरीचा होता. ऐकताना संच फार थोडा करंट घेतो. बोलायचे बटण दाबले की 25 वॅटचा संच पाच-सहा अँपिअर ओढतो. म्हणून बॅटरी तपासायची ती बटण दाबून. नुसते 12.6 व्होल्ट दिसले म्हणून भुलू नये. बटण दाबल्यावर मीटर 11.5 च्या खाली गेला, तर बॅटरी चार्जिंगला काढावी.

दर पंधरवड्याला एवढे करावे :

1. बॅटरीची बुचे घट्ट लावून टोकांवरची भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी, पुसून व्हॅसलीन लावावे. आत पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे चालत नाही.

2. एरियलची केबल कोठे तडकली आहे का, ते पाहावे. आत पाणी शिरले की तांब्याची जाळी काळी पडते व आवाज क्षीण होतो. बाहेरचे जोड रबरी टेपने बंद करावेत. केबल खिडकीतून आत घेण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच गळून जाते.

3. एरियल सुटलेले असताना बोलायचे बटण दाबू नये. संचातला ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका असतो.

4. खांबाची अर्थिंग पाहावी. वळवाचे ढग दिसताच, विजा सुरू होण्याआधी, केबल संचापासून काढून ठेवावी.

5. तारीख व व्होल्टेज वहीत लिहावे.

गट ऑफिसात आलात की ही वही जरूर मागून पाहा. तो आपला हक्कच आहे. गाडीच्या आखाला वंगण आपण चाक कुरकुरण्याआधीच घालतो ना? संचाचेही तसेच आहे.