भिंतीवरच्या रेघा

२०२१ च्या दिवाळीला आम्ही हदगावच्या घराला रंग दिला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कालनिर्णय टांगायचा खिळा होता. तो मी रंगाऱ्याला उपटून टाकायला सांगितला. नवी कोरी भिंत, तिला भोक कशाला, एवढाच विचार. खिळ्याच्या जागी लांबी भरली गेली, वरून रंग चढला. पुढच्या नऊ महिन्यांत त्या एका खिळ्यापायी मामा मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, रोजची औषधं चालू आहेत आणि घरातल्या सगळ्या तारखा एकाच फोनमध्ये जाऊन बसल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मामा म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई. आमच्या भागात सुना असंच म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे शेती बघतात. सोयाबीन, हळद, थोडी केळी, दोन गाई. अशा घरात तारखा किती असतात, हे मोजायला बसलं तर आश्चर्य वाटेल. इसापूरच्या कालव्याची पाणीपाळी कधी सुटली, या आठवड्यात मोटारीला लाइन दिवसाची की रात्रीची, गाय कधी भरवली, गॅसची टाकी कधी लावली, दुधाचे खाडे किती, बचत गटाचा हप्ता कोणत्या तारखेला. हे सगळं कालनिर्णयच्या चौकोनांत असायचं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरांनी त्याचा वापर तिथी-सणांइतकाच या खाडाखोडीसाठी केला आहे. आमच्या घरची डिसेंबरची पानं तर पेन्सिलीनं काळी झालेली असायची. मला ते गबाळं दिसायचं.

त्या चौकोनांत आणखी एक नोंद असायची. २०१९ मध्ये मामांच्या हृदयाची झडप बदलली. यांत्रिक झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मामांना असेनोकुमारॉल चालू झाली. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर तपासणी दर महिन्याला करायची. निरोगी माणसात तो आकडा १ च्या आसपास असतो, मामांचा २.५ ते ३.५ यांच्या मध्ये राहायला हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याखाली गेला तर झडपेवर गुठळी धरायची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. म्हणून गोळीचा हिशेब काटेकोर: एक दिवस २ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी ३, रोज रात्री एकाच वेळी.

आत्याबाईंना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. त्यांनी स्वतःची रीत बसवली होती. रात्री गोळी दिली की त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं दोन किंवा तीन रेघा ओढायच्या. काल दोन असतील तर आज तीन. आज रेघच नसेल तर गोळी द्यायची राहिली आहे. तोवर एकदाही चूक झाली नव्हती. या रेघांमध्ये किती अक्कल होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मामा स्वतः जाता-येता बघायचे, हे बघायचे, आमची चौथीतली मुलगीसुद्धा ओरडायची, "आजी, आज तीन हायत!" पाच माणसांचे डोळे त्या कागदावर होते.

२०२२ च्या जानेवारीत नवं कालनिर्णय घरात आलं ते कपाटातच राहिलं. मी सगळ्या तारखा फोनमध्ये घातल्या. रोज रात्री आठला फोन वाजायचा, पडद्यावर '२' किंवा '३' दिसायचं, मी हाक मारून सांगायची. महिन्याची तपासणी, गाईची तारीख, बचत गट, माझ्या शाळेची माहिती भरायच्या मुदती, सगळं एका जागी. मला फार नीटनेटकं वाटलं. शाळेतल्या चौघी शिक्षिकांनाही मी ते शिकवलं. आत्याबाई एकदाच म्हणाल्या, "पोरी, भिंतीवर काहीच दिसंना गं आता." मी म्हटलं, "मी आहे ना सांगायला."

जुलैत नांदेड-हिंगोलीकडे अतिवृष्टी झाली. शाळेतून स्कूटीवर येताना मी चिंब भिजले, पर्समधला फोनही भिजला. रात्री तो बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस ठेवून घेऊन परत दिला. वीज नव्हती, ओढ्या-नाल्यांना पाणी, शेतात सोयाबीन पिवळं पडलेलं, पीकविम्याची धावपळ. नवा फोन घ्यायला बारा दिवस गेले. घेतला, जुनं गुगल खातं उघडलं, फोन नंबर परत आले, फोटो आले, कॅलेंडर मात्र रिकामं.

कारण पुढं कळलं. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना ती गुगल खात्यावर ठेवायची की फक्त त्या फोनवर, असा एक बारीकसा पर्याय असतो. माझ्या सगळ्या नोंदी 'फोन'वर होत्या. फोन मेला, नोंदीही गेल्या.

मधल्या दिवसांत मी गोळीचा आकडा आठवणीनं सांगत होते. दोन-तीन दिवसांत घोळ झाला. मग मी आत्याबाईंना सोपं करून सांगितलं, की विषम तारखेला तीन, सम तारखेला दोन. शिक्षिका असून मला हे सुचलं नाही की ३१ जुलै विषम आणि १ ऑगस्टही विषम. शिवाय भिंतीवर कॅलेंडरच नाही, तर आज तारीख कोणती हे त्या बाईनं कुठं बघायचं? मी शाळेतून दमून येते, सारखं काय विचारायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या. गोळी कमी पडली तर झडप बंद पडते, एवढं ऑपरेशनच्या वेळचं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. कमी पडण्यापेक्षा जास्त गेलेली बरी, म्हणून त्या रोज तीन द्यायला लागल्या. मला वाटत होतं त्यांना माहीत आहे, त्यांना वाटत होतं मी बघते आहे. जुलैची तपासणी केव्हाच टळून गेली होती. ती फक्त माझ्या फोनला ठाऊक होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मामांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दोन दिवसांनी पहाटे नाकातून, ते थांबेना. दंडावर निळे डाग होते, ते त्यांनी कुणाला दाखवलेच नव्हते. गाडी करून नांदेड गाठलं. साठ-सत्तर किलोमीटरचा तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. मामा मागच्या सीटवर नाकाला पंचा लावून बसले होते आणि आत्याबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "म्याच दिल्या, म्याच दिल्या." आयएनआर साडेसहाच्या वर निघाला. पावसाळ्यात जेवण कमी झालं होतं, त्याचाही परिणाम झाला असेल, असं डॉक्टर म्हणाले. गोळी थांबवली, चार दिवस ठेवून घेतलं. मेंदूत रक्तस्राव झाला नव्हता, हे आमचं नशीब.

गोळ्या आत्याबाईंनी दिल्या. पण त्यांच्या हातातलं साधन काढून घेतलं ते मी.

त्यानंतर मी यावर खूप विचार केला. कागद चांगला की फोन, असा वाद आमच्या शिक्षकांतही रंगतो. पाठ्यपुस्तकातल्या निबंधासारखे दोन्हीचे फायदे-तोटे सांगता येतात. मला आता वाटतं, आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: ही नोंद कुणाकुणाला दिसायला हवी? भिंतीवरची नोंद घराची असते. फोनमध्ये गेली की ती एका माणसाची होते, आणि तो माणूस घरात नसला, झोपला असला, त्याचा फोन बंद असला की सगळं घर आंधळं. त्यातून आपण पडद्याला कुलूप घालतो. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला भिंतीवर रेघ ओढता येते. माझ्या फोनमध्ये आत्याबाईंना रेघ ओढायला जागाच नव्हती.

मुळात हा धडा मला माहेरीच मिळायला हवा होता. माझे मामा, म्हणजे आईचे भाऊ, नांदेडला मोंढ्यातल्या एका आडतीवर मुनीम होते. लाल कापडी बांधणीच्या वह्यांत रोजची कीर्द ते त्याच संध्याकाळी लिहायचे आणि मग एकेकाच्या नावावर खतावणी करायचे. तारखेप्रमाणे एक नोंद, माणसाप्रमाणे दुसरी. १९९० च्या दशकात त्यांच्या शेठजींच्या मुलानं हौसेनं एक डिजिटल डायरी आणली. खिशात मावणारी, इवल्या बटणांची, शेकडो फोन नंबर साठवणारी. एक दिवस तिचे सेल संपले, नवे घालायला उशीर झाला आणि आतलं सगळं पुसलं गेलं. माझ्या या मामांनी कीर्द उघडून गावोगावच्या शेतकऱ्यांची नावं आणि येणी पुन्हा उतरवून दिली. ही गोष्ट आम्ही मुलांनी पन्नास वेळा ऐकली होती. पुढं १९९६ मध्ये पाम पायलट आला, २००६ मध्ये गुगल कॅलेंडर आलं, साधनं पुष्कळ सुधारली. आता नोंद खात्यावर ठेवली तर फोन गेला तरी ती राहते. माझं नुकसान त्या सोयीनं केलं नाही. ती सोय वापरली आहे की नाही, हे मी एकदाही तपासलं नाही.

कागदही कच्चा असतो, हे मी लपवणार नाही. कॅलेंडर ३१ डिसेंबरला संपतं. ऑगस्टमध्ये भरवलेली गाय साधारण २८० दिवसांनी, म्हणजे मे महिन्यात विणार. ती तारीख लिहायला यंदाच्या कॅलेंडरमध्ये चौकोनच नसतो. आमच्या ट्रॅक्टरचा विमा एकदा असाच हुकला. जुनं कॅलेंडर रद्दीत गेलं आणि नव्यावर ती तारीख कुणी उतरवलीच नाही. कागद भिजतो, त्याला वाळवी लागते, तो वाजत नाही. आणि भिंतीवरचं येणारा-जाणारा वाचतो. कुणाला उसने दिलेले पैसे, घरातल्या मुलींच्या पाळीच्या तारखा भिंतीवर नसाव्यात. त्या फोनमध्येच बऱ्या.

नांदेडहून परत आल्या दिवशी ह्यांनी खिळा ठोकला. तेव्हापासून आमच्या घरी जे चालतं ते सांगते. तुमच्या घराला जे लागू पडेल ते घ्या.

सगळ्या घराच्या तारखा भिंतीवर. औषधाची नोंद गोळी दिल्यावर करायची, आधी नाही, आणि जो देईल त्यानंच करायची. कमी-जास्त डोस असेल तर डॉक्टरांना सांगून तो वारांवर बांधून घ्या, तारखांवर नको. आमच्या डॉक्टरांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार तीन आणि बाकी चार दिवस दोन असा बसवून दिला, पुढची तपासणी करून. महिना कितीचाही असो, वार चुकत नाही. सासऱ्यांची एक वेगळी वही आहे, खतावणीसारखी. तारीख, आयएनआर, डोस बदलला का, दुसरं कोणतं औषध सुरू झालं. कोणत्याही दवाखान्यात जाताना ती आधी पिशवीत पडते, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं कितीतरी प्रतिजैविकांशी आणि वेदनाशामकांशी पटत नाही.

फोनला मी दोन कामं ठेवली आहेत. ठरलेल्या वेळी वाजणं, आणि वर्षापलीकडचं लक्षात ठेवणं. वाजण्यासाठी कॅलेंडरची सूचना पुरत नाही. व्हॉट्सॲपच्या शंभर सूचनांत ती बोटासरशी सरकून जाते, आणि बॅटरी वाचवायची सोय चालू असली तर काही ॲप वेळेवर जागीही होत नाहीत. घड्याळातला गजर लावा. बहुतेक फोनमध्ये आवाज बंद केलेला असला तरी तो वाजतो. गाडीचा विमा, परवान्याचं नूतनीकरण, गाईची तारीख असं लांबचं सगळं खात्यावरच्या कॅलेंडरमध्ये. आणि नोंद खात्यावर जाते का, हे असं तपासा: एक खोटी नोंद करा आणि तेच खातं दुसऱ्या फोनवर उघडून ती दिसते का बघा. पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं दिली नव्हती.

दिवाळीत नवं कॅलेंडर आलं की जुनं समोर ठेवून आम्ही दोघी, मी आणि माझी मुलगी, पुढच्या तारखा उतरवतो. फोनमधल्या लांबच्या नोंदीही तेव्हाच त्यावर येतात. आत्याबाई शेजारी बसतात आणि काय राहिलं ते सांगतात. त्यांना जवळजवळ सगळं पाठ असतं. कालनिर्णयच्या शेवटच्या पानावर दहा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, कारण त्या पहाटे गाडीवाल्याचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये होता आणि हे शेतावर होते.

आणि एक विनंती आहे. आज रात्री जेवताना घरातल्या अशा माणसाला, जो फोन वापरत नाही, सहज विचारा: आज कोणती गोळी द्यायची, पुढची तपासणी कधी, रात्री काही झालं तर कुणाला बोलवायचं? त्याला सांगता आलं नाही, तर उद्या सकाळी खिळा ठोका.