अनुकूलित सायकल आणि दिव्यांगांचे आरोग्य

2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. सायकलप्रेमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात दिव्यांग व्यक्तीच्या सायकलीला स्थान कोणते, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

हाताने चालवायची तीनचाकी सायकल आपल्या परिचयाची आहे. शासकीय योजनांतून ती अनेकांना मिळते. परंतु समाज तिच्याकडे केवळ ये-जा करण्याची सोय म्हणून पाहतो. व्यायामाचे आणि आनंदाचे साधन म्हणून नव्हे.

अनुकूलित सायकल म्हणजे काय?
चालकाच्या क्षमतेनुसार घडवलेली सायकल म्हणजे अनुकूलित सायकल. पायांत बळ नसल्यास हातांनी पॅडल फिरवता येतात. तोल सांभाळता येत नसल्यास तीन चाके आधार देतात. दृष्टिहीन व्यक्ती दोन आसनांच्या सायकलीवर डोळस सोबत्याच्या मागे बसून पॅडल मारते.

आरोग्यविषयक लाभ
जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग प्रौढांनीही शक्य असल्यास आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. दिवस बैठ्या स्थितीत जात असल्यास वजन, मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. नियमित सायकल चालवल्याने हृदय व फुप्फुसांची क्षमता वाढते. चाकांची खुर्ची ढकलताना खांद्यांवर पुनःपुन्हा ताण येतो. हातसायकलीत मात्र गती अखंड असल्याने तो तुलनेने कमी असतो. याखेरीज, कोठे व केव्हा जायचे हे स्वतः ठरवता येणे, सोबत्यांबरोबर बरोबरीने फिरता येणे, यातून आत्मविश्वास वाढतो.

दक्षता
मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला बसल्या जागी होणारी जखम जाणवत नाही; म्हणून आसन मऊ असावे व त्वचा रोज तपासावी. इजा मानेजवळ असल्यास घाम पुरेसा येत नाही. अशा व्यक्तीने नाशिकच्या उन्हाळ्यात पहाटेच बाहेर पडावे. प्रारंभ वैद्यकीय सल्ल्यानेच करावा.

अपघातात पाय गमावलेल्या भंडारा जिल्ह्याच्या ज्योती गडेरिया यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सायकल स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्येही क्रीडा व मनोरंजनातील सहभागाची तरतूद आहे. सायकल ही दिव्यांगांवर केलेली दया नसून त्यांच्या निरोगी जीवनाच्या हक्काचा भाग आहे, हे यावरून स्पष्ट होते.

स्वाध्याय: तुमच्या परिसरातील एका रस्त्याचे निरीक्षण करा. तीनचाकी सायकल चालवणाऱ्या व्यक्तीला तेथे कोणते अडथळे येतील, ते दहा ओळींत लिहा.