जीव : देवाची देणगी

बियाणे कणगीतच ठेवले तर काय होते? त्याला किडे लागतात. पेरले तर पीक येते. हे कास्तकाराला सांगायला नको.

जीवाचेही तसेच आहे. बायबल म्हणते, देवाने मातीचा माणूस घडवला आणि त्याच्यात आपला श्वास घातला. म्हणजे शरीर मातीचे, श्वास देवाचा. तो आपण विकत घेतलेला नाही. ती देणगी आहे.

येशू ख्रिस्ताने एक गोष्ट सांगितली. एक धनी परगावी निघाला. त्याने तीन चाकरांजवळ पैसे दिले. दोघांनी ते कामाला लावले. तिसऱ्याने भिऊन जमिनीत पुरले. धनी परत आला, तो त्या तिसऱ्यावरच रागावला.

मग देणगी कामाला कशी लावावी? आपल्या वाशीमचेच पाहा. ऑर्फा स्पायकर या डॉक्टरीणबाई १९३६ साली अमेरिकेहून भारतात आल्या. त्यांनी वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हा मिशनचा दवाखाना उभा केला. मुलूख परका, भाषा परकी. तरी बाईंनी आपली वर्षे इथल्या आजाऱ्यांसाठी वेचली.

आपण डॉक्टर नाही. पण शेजारणीला रात्री कळा सुरू झाल्या, कोणाला पऱ्हाटीत साप चावला, तर "देवाची मर्जी" म्हणून बसू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. गाडी जुंपा, नाहीतर मोटर बोलवा. तडक दवाखाना गाठा.

देवाने दिलेला जीव वाचवणे, हेही देवाचेच काम आहे.