विलंबाचे निदान

कार्यालयातील एखादे काम माणसाच्या हस्तक्षेपावाचून टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारी संगणकीय आज्ञावली मंदावली, की पहिला दोष यंत्राच्या शक्तीला दिला जातो आणि अधिक वेगवान यंत्राची मागणी होते. हा उपाय पुष्कळदा व्यर्थ ठरतो. कारण बहुतांश वेळ प्रत्यक्ष प्रक्रियेत नव्हे, तर प्रतीक्षेत गेलेला असतो. म्हणून काम कोठे थांबले आहे हे पाहण्यापासून निदानाचा आरंभ व्हावयास हवा.

उदाहरणादाखल शिष्यवृत्तीच्या अर्जांचा विचार करू. प्रथम कागदपत्रे पडताळली जातात, मग बँकेतील खात्याची खातरजमा होते आणि शेवटी रक्कम देण्याचा आदेश निघतो. समजा, तासाला सरासरी १२० अर्ज येतात, तितकेच निकाली निघतात, आणि कोणत्याही क्षणी सुमारे ३६० अर्ज प्रणालीत असतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, प्रणालीतील कामांची सरासरी संख्या म्हणजे कामे येण्याचा दर आणि प्रत्येक काम आत राहण्याचा सरासरी काळ यांचा गुणाकार होय. ३६० ला १२० ने भागले असता ३ तास येतात. आज्ञावलीच्या अंतरंगात न डोकावता केवळ दोन आकड्यांवरून विलंब कळतो, हे या नियमाचे मोल.

आता नोंदींवरून असे दिसले, की तिन्ही टप्प्यांचे प्रत्यक्ष काम मिळून अवघ्या ३ सेकंदांचे आहे. मग उरलेला वेळ जातो कोठे? अशा वेळी प्रत्येक टप्पा सुरू कसा होतो ते तपासावे. तो दर २ तासांनी ‘नवे काही आले आहे काय’ एवढेच पाहत असेल, आणि टप्प्यांच्या वेळांचा परस्परांशी मेळ नसेल, तर अर्ज प्रत्येक टप्प्यापाशी सरासरी १ तास पडून राहील. तीन तासांचा हिशेब येथेच लागतो. यंत्र दसपट वेगवान केले तरी यातून ३ सेकंदसुद्धा वाचणार नाहीत. उलट, एक टप्पा संपताच पुढच्याला सूचना देण्याची व्यवस्था केली, तर त्याच यंत्रावर अर्ज काही सेकंदांत निकाली निघू लागतात. शुल्क भरण्याची मुदत त्याच सायंकाळी संपणार असलेल्या विद्यार्थ्याला हा फरक किती मोठा आहे, हे सांगावयास नको.

कधी रांग खरोखरच भारामुळे वाढते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नर एरलांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्यांवर निबंध लिहून रांगांच्या गणिताचा पाया घातला. या गणितातील अगदी सोप्या नमुन्यात कामे अनियमितपणे येतात आणि ती करणारा एकच असतो. तो निम्मा वेळ व्यग्र असेल, तर एका कामाला जितका वेळ लागतो तितकीच सरासरी प्रतीक्षा करावी लागते. व्यग्रता ८० टक्के झाली की प्रतीक्षा चौपट, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट होते. यंत्र ९५ टक्के वापरात असणे हे काटकसरीचे लक्षण मानणाऱ्यांची येथे फसगत होते. अशा प्रसंगी मात्र जादा यंत्राची मागणी रास्त असते.

तत्पूर्वी प्रत्येक कामाचा वेळ कमी होतो का, हेही पाहावे. ५०० नोंदी एकेक करून मागविल्या आणि प्रत्येक फेरीस ४० मिलिसेकंद लागले, तर २० सेकंद केवळ येण्याजाण्यात जातात. त्या एकदम मागवाव्यात. दहा लाख नोंदींत एक शोधताना क्रमवार सूची असेल तर सुमारे २० तुलना पुरतात. नसेल तर सरासरी पाच लाख नोंदी चाळाव्या लागतात.

खात्याची खातरजमा करणारा बँकेचा संगणक अडखळला, तर आज्ञावली तीच विचारणा पुनःपुन्हा करते आणि आधीच दमलेल्या संगणकावरचा भार वाढविते. यासाठी दर अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करावा व त्यात थोडी अनियमितता ठेवावी, म्हणजे थांबलेले सर्व अर्ज एकाच क्षणी पुन्हा त्या दारावर आदळणार नाहीत.